जोड झाकणारं पान

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची मुलं आमचा साड्यांच्या डिझाइनचा स्टुडिओ बघायला येतात आणि दरवर्षी शेठ मला पुढे करतात. मला बोलता येतं, हा माझा दोष सगळ्या मार्केटला ठाऊक आहे. मी थेट गुहेपासून सुरुवात करतो. माणसाने भिंतीवर पंजा टेकवला, तोंडात रंग घेऊन फुंकला, पंजा उचलला आणि तिथे हाताएवढी कोरी जागा उरली. मग मडकी, मग देवळं, मग राजेरजवाडे आणि त्यांचे चितारी, मग छापखाना, मग कॅमेरा. मुलं फोनवर टिपून घेतात. एखादी धीट मुलगी विचारते, "सर, पण कला बदलते कशामुळे?" मी म्हणतो, "गिऱ्हाईक बदलतं म्हणून." मुलं हसतात, मीही हसतो, आणि शेठ चहा मागवतात.

खरं उत्तर मी त्यांना देत नाही. कला आपण होऊन बदलत नाही. कुणीतरी ती कुणाच्या तरी हातातून काढून घेतो, आणि काढून घेणारा पुष्कळदा घरचाच असतो. गुहेपासून इथवर यायला जगाला हजारो वर्षं लागली असतील. आमच्या सुरतेत कापडावरच्या चित्राने त्यातला निम्माअधिक रस्ता एका माणसाच्या नोकरीत उरकला. तो माणूस माझा सख्खा मामा. आणि शेवटी काढून घेणारा मी.

आमचं गणगोत धुळ्याकडचं. बाप लूमवर, काका लूमवर, आतेभाऊ डाइंगमध्ये. घरी येणारा प्रत्येक माणूस ओरडून बोलायचा, कारण दिवसभर खडखडाटात उभं राहून सगळ्यांचे कान गेलेले. एकटा मामा हळू बोलायचा. तो टेबलाशी बसून कागदावर साड्यांची डिझाइनं रंगवायचा. सकाळी पांढरा शर्ट घालून जायचा आणि संध्याकाळी पांढराच शर्ट घेऊन परत यायचा, याचं आमच्या भेस्तानच्या गल्लीत केवढं अप्रूप! आई शेजारणींना सांगायची, "मन्हा भाऊ मशीनवर नही. तो चित्रं काढस."

दहावीला माझं गणित गाळात गेलं तसं आईने मला भावाच्या पदरात टाकलं. मामाने माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, "हात बरा शे. डोया नही." डोळा, म्हणजे नजर. त्याने मला शिकवलं हे मी नाकारत नाही. कसं शिकवलं तेही सांगतो. दुसऱ्या वर्षी मी महिनाभर खपून एक मोर काढला. पिसाऱ्यातला एकेक डोळा सगळ्यांत बारीक ब्रशने भरला. मामाने तो भिंतीला लावला, स्टुडिओतल्या सातही जणांना बोलावलं आणि प्रत्येकाला एकेक चूक दाखवायला लावली. सातांनी सात दाखवल्या, आठवी त्याने स्वतः. मग ब्लेड घेऊन मोराचे तळहाताएवढे तुकडे केले आणि रंग तपासायला सगळ्यांना वाटले. पुढचा महिनाभर माझ्या मोरावर लोक ब्रश पुसत होते. मामाने ते माझ्या भल्यासाठी केलं असं आई म्हणते. आईचं काय जातं? मोर तिचा नव्हता.

मामा-भाच्याने एका नावेत बसू नये म्हणतात. आम्ही एका टेबलाशी बसायचो आणि स्टुडिओतली टवाळ मंडळी रोज विचारायची, नाव कधी बुडणार?

मामा तरी कुठे हवेतून आला होता? तोही कुणाच्या तरी छाताडावर पाय देऊनच वर चढला होता, आणि हे तो मिटक्या मारत सांगायचा. तो सुरतेला आला तेव्हा लाकडी ठशांनी साड्या छापणारे म्हातारे कारागीर अजून होते. सागवानाचा ठसा, त्यात कोरलेली कोयरी. एकेक ठसा कोरायला पंधरवडा जायचा. मग जाळीच्या स्क्रीनवर छपाई आली, तिला कागदावरचं चित्र लागायचं, त्यामुळे मामासारख्यांना मागणी आली आणि ठसे पोत्यांत जाऊन पडले. मामा ज्याच्याकडे भाड्याने राहायचा तो म्हातारा असाच ठसेवाला. त्याची दोन पोती जिन्याखाली होती. तो सबंध हिवाळा मामाने आणि त्याच्या खोलीतल्या पोरांनी त्या ठशांवर अंघोळीचं पाणी तापवलं. "सागवान झकास पेटस," मामा सांगायचा. "पह्यले कोयरी जयस, मंग बाकीनं." म्हातारा दारात बसून बघायचा म्हणे. हे सांगताना मामा जसा हसायचा तसा एरवी हसलेला मी त्याला पाहिला नाही.

पण त्याला नजर होती. गावी लग्नाला गेलो असताना तो एकदा मला एसटीने अजिंठ्याला घेऊन गेला. सगळे लोक कमळ धरलेल्या त्या प्रसिद्ध चित्रासमोर माना वेळावून उभे. मामाची पाठ त्याच्याकडे. तो छत बघत होता. छतावर चौकोनामागून चौकोन, त्यात फुलं, हंस, वेलबुट्टी. पाऊण तास मान वर करून तो म्हणाला, "याना जोड कोठे शे, सापडस का तुले?" मला सापडला नाही. त्याला एका कोपऱ्यात, वेलीच्या वळणाशी सापडला, आणि तो इतका खूश झाला की परतीच्या गाडीत त्याने मला दोनदा उसाचा रस पाजला.

जोड म्हणजे आमच्या धंद्याचा जीव. साडीवर चित्र एकदाच काढलेलं असतं आणि तेच पुनःपुन्हा छापलं जातं. एक तुकडा संपतो तिथे दुसरा सुरू होतो. ती सांध जुळली नाही तर साडीवर आडवी रेघ दिसते आणि बाई साडी बाजूला सारते. हाताने काम करणारा प्रत्येकजण ही सांध आपल्या पद्धतीने लपवायचा. कुणी फूल टाकायचा, कुणी ठिपके. मामा एक पान टाकायचा, टोकाशी मुडपलेलं, जरासं उलटं पडलेलं, त्यामुळे पानाची मागची बाजू दिसायची. नजर त्या मुडपीत अडकायची आणि सांध निसटून जायची. मार्केटमध्ये कुठेही साडी दिसली की मी वेल चाचपत ते पान शोधायचो. सापडलं की साडी मामाची.

कॉम्प्युटर आला तेव्हा मामा त्याला टीव्ही म्हणायचा. मी मात्र सहा महिने क्लासला गेलो. शेठनी मला पहिलं मोठं काम दिलं ते मामाच्या कागदांचं. तीसेक वर्षांचे कागद, लोखंडी कपाटात थप्पीने रचलेले. सगळे स्कॅन करायचे. कागद मामाच काढून द्यायचा. फडक्याने धूळ झटकायचा, कडा सरळ करायचा आणि मला बजावायचा, "बोटं पुशी ले." आपलं काम जपलं जातंय या समजुतीने त्याचा चेहरा उजळलेला असायचा. मी ती समजूत मोडली नाही. आपण काय जपतोय आणि काय उपसतोय हे मला तेव्हा पुरतं कळत होतं, असं आज म्हणायला मी तयार आहे.

मग एकेक पायरी गेली. रंग वेगळे करायचं काम आधी माणसं हाताने करायची, ते कॉम्प्युटर करू लागला. सातातले चार जण गेले. मग छपाईच अशी आली की जाळीची स्क्रीनच नको. फाइल टाका, साडी बाहेर. उरलेलेही गेले. मामाला शेठनी ठेवलं, जुना माणूस म्हणून. तो खिडकीजवळच्या त्याच्या टेबलाशी बसून माझ्या फाइलींचे छापील नमुने तपासायचा आणि चुका काढायचा. मी स्टुडिओचा मुख्य झालो होतो आणि तो पेन्सिलीने माझ्या चुकांवर गोल करायचा, आठवी नववी दहावी. खरं सांगायचं तर चुका असायच्या. म्हणूनच मला राग यायचा.

अलीकडे तो नवा प्रोग्राम आला. त्याला जुनी डिझाइनं खाऊ घालायची आणि चार शब्द लिहायचे: कोयरी, वेल, गडद जांभळा, लग्नसराई. मिनिटभरात तो चाळीस काढून देतो. मी त्याला मामाची तीस वर्षं खाऊ घातली. मामाने ते पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्याला ते कळलं नसतं.

त्याच सुमाराला शेठ म्हणाले, खिडकीची जागा मोठ्या प्रिंटरसाठी हवी. मास्टरला, म्हणजे मामाला, आता घरी बसवू. मी मान हलवली. मामा मात्र गप्प बसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो शेठच्या केबिनमध्ये न बोलावता गेला आणि म्हणाला, कोलकात्याची पार्टी येणार आहे ना पुढल्या आठवड्यात? मी एक डिझाइन करतो. पार्टीने ते उचललं तर माझं टेबल राहील, नाही उचललं तर मी माझ्या पायांनी जाईन. शेठना असले खेळ आवडतात. त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे पाहून हसले.

मामा आठ दिवस बसला. डबा टेबलावरच खायचा. हात थरथरायला लागला होता, म्हणून तो डाव्या हाताने उजवं मनगट धरून रेघ ओढायचा. त्याने बाभळीची डहाळी काढली होती. आजवर साडीवर कुणी बाभूळ काढली असेल असं मला वाटत नाही. पिवळ्या फुलांचे गोंडे, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा आणि मधून बारीक पांढरे काटे, असे की साडी नेसणारीला बोचू नयेत पण बघणाऱ्याला बोचावेत. सुंदर होती. मी आजपर्यंत केलेल्या कुठल्याही कामापेक्षा सुंदर होती, आणि हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

माझी चाळीस डिझाइनं, निवडानिवडीसकट, एका दुपारी झाली.

आता जे सांगतो त्यात माझी बाजू नाही. गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवायची आमची आताची रीत अशी: डिझाइन स्क्रीनवर एका देखण्या बाईच्या अंगावर साडी म्हणून नेसवायचं. पदर हलतो, निऱ्या पडतात, बाई वळून बघते. कागदावरचं चित्रही तसं नेसवता येतं. स्कॅन करायचं आणि टाकायचं, पाच मिनिटांचं काम. मामाला हे माहीत नव्हतं. मी माझ्या चाळिसांतली बारा नेसवली. मामाचा कागद टेबलावर आडवा ठेवून दिला, वर काच ठेवली.

पार्टी आली. जाडजूड गृहस्थ, सोबत मेहुणा. ते स्क्रीनसमोर बसले आणि बाई वळून बघत राहिली. मेहुण्याने पाच उचलली. शेवटी शेठनी आठवण करून दिली म्हणून दोघे टेबलाशी आले, काचेतून खाली पाहिलं. मेहुणा म्हणाला, "ये क्या है, जंगल?" मामा सांगायला लागला, हा गोंडा असा पदरावर येईल, हा काटा असा... पार्टीने घड्याळ पाहिलं. दोघे पुन्हा स्क्रीनकडे गेले.

मामा त्यांच्या मागोमाग गेला. चष्मा कपाळावर चढवून त्याने स्क्रीनला नाक लावलं. मला वाटलं, आता हा चुका काढणार. पण त्याचं बोट वेलीवरून सरकत सरकत एका जागी थांबलं. तिथे टोकाशी मुडपलेलं, जरासं उलटं पडलेलं एक पान होतं.

"हाई मन्हं शे," मामा म्हणाला.

शेठनी विचारलं, क्या बोलता है? मामा माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अजिंठ्याच्या छताखाली होता तसा आनंद होता. "हाई पान आठे कसाले शे? कंप्युटरले जोड ऱ्हास का? मंग हाऊ झाकी काय ऱ्हायना?" मग त्याने शेठना हिंदीत समजावलं. साहेब, मशीनला सांध नसते, मग सांध झाकायचं पान तिने का काढलं? हे माझं आहे. पार्टीने माझंच उचललंय. भाच्याला विचारा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो म्हणत होता ते शंभर टक्के खरं होतं. त्या प्रोग्रामला काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्याने मामाच्या हातची सवय उचलली होती, गरज नसताना. मी नुसतं हो म्हणायचं होतं. शेठ शब्दाचे पक्के आहेत. टेबल राहिलं असतं.

मी म्हणालो, "नाही, मास्टर. तो प्रोग्रामचा दोष आहे. असा कचरा येतो कधीकधी."

त्याला मी कधी मास्टर म्हटलं नव्हतं. मी माउस हातात घेतला, पानाभोवती गोल फिरवला आणि बटण दाबलं. पान गेलं. वेल आपोआप सांधली गेली, तिथे कधी काही होतं अशी शंकाही येऊ नये इतक्या सफाईने. मेहुणा म्हणाला, "अब अच्छा लग रहा है." शेठ मामाच्या खांद्यावर हात ठेवून गुजरातीत म्हणाले, "मास्टर, हवे रहेवा दो ने." आता राहू द्या.

मी हे भीतीने केलं असं कुणाला वाटेल. माझ्या नोकरीला काडीचाही धोका नव्हता. मला बरं वाटलं म्हणून केलं. बटण दाबताना छातीत जे गार गार वाटलं ते मला अजून आठवतं. त्या दिवशी मोराची आठवण झाली का? झाली. पण मोराचं निमित्त करून मी सुटणार नाही, कारण मोर वाईटच होता. आठही चुका खऱ्या होत्या.

मामा टेबलाकडे परतला. काच उचलून बाजूला ठेवली, कागदाची गुंडाळी केली, ब्रश तेवढे खिशात घातले आणि जिना उतरून गेला. दुसऱ्या दिवशी टेबल हललं.

आईला हे मामीकडून कळलं. दोन दिवस तिने मला नुसतं वाढलं. तिसऱ्या दिवशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "तुनी जीभ झडी गई व्हती का?" मी म्हणालो, काळ बदलतो, आई, त्याला मी काय करू? कॉलेजच्या मुलांना सांगतो तसं तिला गुहेपासून सांगायला लागलो. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे बहीण भावाच्या घरी जाते. सासर कितीही दूर असो, त्या सणाला माहेरची वाट धरायची. आईचं माहेर म्हणजे आता कोसाडच्या वसाहतीतली मामाची तिसऱ्या मजल्यावरची खोली. दोन वर्षं ती रिक्षाने एकटी गेली. या वर्षी गुडघे धरले होते, म्हणून मला म्हणाली, तिथवर सोड. मी नवा शर्ट घातला, आंब्यांची पेटी घेतली. मामा काय करेल याचा मी वाटेत पुष्कळ विचार केला. शिव्या देईल, अंगावर येईल, फार तर दार लावेल. सगळ्याची उत्तरं मी तयार ठेवली होती. म्हाताऱ्याचा राग तो किती दिवस टिकणार, असंही वाटत होतं.

दार उघडंच होतं. खापरावरच्या पुरणपोळीचा वास जिन्यापर्यंत आलेला. खोलीत चटईवर साड्या पसरलेल्या होत्या आणि मामा, मामी आणि शेजारची एक बाई त्यांवर चमकत्या टिकल्या चिकटवत बसले होते. हे काम कोसाडमध्ये घरोघरी चालतं. गोंदाचा ठिपका, त्यावर टिकली, अंगठ्याने दाब. साडीवरची वेल माझ्या कुठल्या फाइलीतली आहे हे मला दारातूनच कळलं.

"ये ना बहिन, बस," मामा आईला म्हणाला. आई बसली. तिने पदर खोचला आणि मामीसमोरची गोंदाची बाटली आपल्याकडे ओढली. मी पेटी घेऊन उभा होतो. ती कुणी हातातून घेतली नाही.

शेजारच्या बाईने माझा शर्ट पाहिला, खिशातलं पेन पाहिलं आणि मामाला विचारलं, "हाऊ कोन शे? कंपनीना मानूस शे का?"

मामाने चष्मा कपाळावर चढवला. मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, सावकाश, कुठे काही ओळखीचं सापडतंय का ते तपासावं तसं. मग म्हणाला, "हा. कंपनीना शे."

मामी चुळबुळली. मी आईकडे पाहिलं. आता ही बोलेल, निदान मान तरी वर करेल. आईने एक टिकली उचलली, वेलीवर ठेवली आणि अंगठ्याने दाबली.

शेजारची बाई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि माझ्याजवळ आली. "साहेब, ह्या खेपले गोंद लई पातय शे," ती म्हणाली, आणि तिने आपली बाटली माझ्यापुढे धरली. "टिकल्या पडी ऱ्हायन्यात. वर सांगा ना."

मी पेटी खाली ठेवली, बाटली घेतली, खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

"बदलून पाठवतो," मी म्हणालो.